नदी सरकली की नकाशा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा स्कॅन करायचा, तो संगणकावर आजच्या नकाशावर पसरायचा, वरच्या चित्राची पारदर्शकता कमी-जास्त करायची आणि ‘तेव्हा’ व ‘आता’ यांची तुलना करायची, हा उपक्रम अनेक शिक्षकांना आकर्षक वाटतो. तो आकर्षक आहेच. पूर्वी यासाठी अर्धपारदर्शक कागद, खालून दिवा लावलेली काच आणि भरपूर चिकाटी लागत असे. आता आठ-दहा ओळींची आज्ञावली पुरते आणि ती नववीतला विद्यार्थीही लिहू शकतो.

परंतु या सोयीबरोबर एक प्रश्न येतो आणि तो आमच्या मते पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. समजा, अशा तुलनेत गावाजवळची नदी जुन्या जागेपासून शंभर मीटर दूर दिसली. विद्यार्थी प्रकल्पाच्या वहीत लिहितो, “गेल्या साठ वर्षांत नदीने आपले पात्र शंभर मीटर बदलले.” परीक्षकही कौतुकाने मान डोलावतात. नदी खरोखर सरकली असेल. तशी ती न सरकताही हे चित्र अगदी असेच दिसू शकते. यांतले काय घडले आहे हे ठरवण्याची सोय ज्या साधनात नाही, त्या साधनाने काढलेला निष्कर्ष विज्ञानाचा म्हणता येईल काय?

या दृष्टीने आम्ही येथे तीन परिचित साधनांचा विचार करणार आहोत : ‘लीफलेट’ हा आज्ञासंग्रह, ‘केएमएल’ ही नोंदपद्धत आणि ‘क्यूजीआयएस’ हा नकाशाशास्त्रीय संगणक-कार्यक्रम. तिन्ही विनामूल्य वापरता येतात आणि तिन्हींचे आमच्यावर ऋण आहे. टीका करायची ती ते मान्य करूनच.

चौकटीत बसवलेले चित्र

प्रथम हे चित्र बसते कसे ते पाहू. २०११मध्ये व्लादिमिर अगाफोन्किन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘लीफलेट’मध्ये ‘इमेज ओव्हरले’ नावाची आज्ञा आहे. तिला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, चित्राची फाइल कोठे आहे. दुसरी, चित्राच्या नैर्ऋत्य व ईशान्य कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. एवढे सांगितले की ते चित्र खालच्या नकाशावर त्या चौकटीत ताणून बसवले जाते. खाली बहुधा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून तयार केलेला नकाशा असतो. याला आपण पायाभूत नकाशा म्हणू.

‘ताणून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चित्राची खालची कड ८ अंशांवर आणि वरची ३७ अंशांवर आहे असे सांगितले, तर आज्ञावली त्या दोन कडा नेमक्या जागी नेते आणि मधला भाग पडद्यावर सारख्या प्रमाणात पसरवते. पण पायाभूत नकाशावर दोन अक्षवृत्तांमधील अंतर सर्वत्र सारखे असते काय? नसते. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका सोप्या रूपात काढलेले असतात. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे या प्रक्षेपणात अक्षवृत्तांमधील अंतर वाढत जाते. किती वाढते याचे सूत्र आपल्या दहावीच्या त्रिकोणमितीतलेच आहे. कोणत्याही अक्षांशावर हा ताण त्या अक्षांशाच्या ‘कोसाइन’च्या व्यस्त असतो. ८ अंशांवर तो १.०१ आणि ३७ अंशांवर १.२५ आहे. म्हणजे काश्मीरमधला एक अंश कन्याकुमारीच्या एका अंशापेक्षा कागदावर जवळजवळ पाव पटीने उंच काढलेला असतो.

आता एक अगदी साधा उपक्रम घेऊ. नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या संकेतस्थळावरून दररोजची उपग्रहचित्रे उतरवून घेता येतात. पावसाळ्यातील ढग दाखवण्यासाठी शिक्षक अशी चित्रे आवर्जून वापरतात. नेहमीच्या मांडणीत ही चित्रे साध्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मिळतात, म्हणजे त्यांत प्रत्येक अंशाची उंची सारखी असते. ८ ते ३७ अंश उत्तर एवढ्या पट्ट्याचे असे चित्र उतरवून घेतले आणि वरील आज्ञेने ओपनस्ट्रीटमॅपवर बसवले, तर काय होईल?

चित्राच्या बरोबर मध्यावर २२.५ अंश अक्षांश आहे. पायाभूत नकाशावर त्याच उंचीला मात्र २३.२८ अंश येतात. म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरची चूक. चित्रातील मुंबई १८.९५ अंशांवर आहे. ती नकाशावर १९.६६ अंशांवर, म्हणजे पालघरजवळ जाऊन बसते. चित्रातील पणजी मालवणच्या आसपास पोचते. नर्मदापुरमजवळची नर्मदा तर भोपाळच्याही उत्तरेला तीसेक किलोमीटरवर वाहू लागते!

एवढी मोठी चूक लगेच लक्षात येईल असे वाटते, पण येतेच असे नाही. याची दोन कारणे आहेत. चित्राच्या चारही कडा अगदी बरोबर बसलेल्या असतात आणि आपण तपासताना प्रथम कडा व कोपरेच पाहतो. दुसरे असे की चूक केवळ उत्तर-दक्षिण दिशेत आहे. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण धावतो. त्यामुळे तो आपल्याच रेषेवर घसरतो आणि चित्र चांगले जुळले आहे असा भास होतो. ज्याला शंका आली आहे त्याने सौराष्ट्राचा दक्षिण किनारा पाहावा. चूक तेथे उघडी पडते.

यात ‘लीफलेट’चा दोष किती? आज्ञावली सांगितले तेच करते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. चित्र आधी मर्केटर प्रक्षेपणात बदलून घेतले तर ही चूक उरत नाही आणि तसे बदलून देणारी साधनेही विनामूल्य आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. चित्र कोणत्या प्रक्षेपणात आहे, हा प्रश्न ही आज्ञा विचारतच नाही. दोन कोपरे दिले की ती संतुष्ट होते. नवशिक्याला त्यातून असा बोध होतो की चित्र नकाशावर बसवणे म्हणजे दोन कोपरे सांगणे. ज्या गोष्टीबद्दल साधन प्रश्न विचारत नाही, ती गोष्ट अस्तित्वातच नाही असे मुलांना वाटू लागते.

सहा आकडे आणि एक मौन

‘केएमएल’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ही नोंदपद्धत ‘कीहोल’ या कंपनीने तयार केली. ती कंपनी २००४मध्ये गूगलने घेतली, २००५मध्ये ‘गूगल अर्थ’ आले आणि २००८मध्ये ‘केएमएल’ला खुल्या मानकाचा दर्जा मिळाला. यात चित्र बसवण्यासाठी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार सीमा आणि गरज असल्यास चित्र फिरवण्याचा कोन लिहितात. हे अंक कोणत्या पद्धतीने मोजलेले असावेत हे येथे मानकानेच ठरवून टाकले आहे. सर्व अक्षांश-रेखांश ‘डब्ल्यूजीएस ८४’ या, जीपीएस उपकरणे वापरतात त्याच पद्धतीतील असले पाहिजेत. शिवाय चित्र कोणत्या काळाचे आहे हे लिहिण्यासाठीही वेगळी जागा आहे. वर सांगितलेले उपग्रहचित्र ‘गूगल अर्थ’मध्ये या मार्गाने टाकले, तर ते योग्य जागी बसते. म्हणून ‘केएमएल’ला आम्ही अधिक गुण देऊ.

मात्र नियम लिहिला म्हणजे तो पाळला गेला असे होत नाही. जुन्या स्थलनिर्देशक नकाशाच्या कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. विद्यार्थी ते वाचतो आणि चार सीमांच्या जागी लिहितो. यापेक्षा प्रामाणिक काम ते कोणते? तरीही येथे चूक होते.

अक्षांश-रेखांश म्हणजे ठिकाणाचा पत्ता आणि पत्ता कोणत्या तरी आराखड्यात दिलेला असतो. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. ती नेमकी किती चपटी मानायची आणि मोजणीचा हा काल्पनिक गोल खऱ्या पृथ्वीशी कोठे टेकवायचा, हे आधी ठरवावे लागते. या बैठकीला सर्वेक्षक ‘डेटम’ म्हणतात. आपल्या देशातील जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३०च्या मापांवर आधारलेल्या गोलावर काढलेले आहेत. तो गोल भारतीय उपखंडाला चांगला लागू पडावा असा बसवलेला होता. ‘डब्ल्यूजीएस ८४’ची बैठक संपूर्ण पृथ्वीसाठी आहे आणि तिचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याशी जुळवलेला आहे. यामुळे एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगवेगळे येतात. महाराष्ट्रात हा फरक जमिनीवर शंभर मीटरांच्या घरात जातो. ५०,०००ला १ या प्रमाणाच्या नकाशावर तो दोन मिलिमीटर एवढा आहे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले ‘खुल्या मालिके’चे नकाशे ‘डब्ल्यूजीएस ८४’वर आहेत. म्हणून नकाशा हाती घेतल्यावर तो कोणत्या मालिकेचा आहे हे समासात वाचणे हे पहिले काम.

आपल्या नदीचे शंभर मीटर कोठून आले असावेत, याचा अंदाज वाचकांना आता आला असेल.

ही माहिती चित्राबरोबर प्रवास का करत नाही? पुष्कळदा स्कॅन केलेल्या चित्रासोबत ‘वर्ल्ड फाइल’ नावाची एक छोटी फाइल ठेवतात. तिच्यात सहा ओळी आणि सहा आकडे असतात : एका ठिपक्याची रुंदी व उंची, चित्र तिरके असल्यास त्याचे दोन अंक आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातील ठिपक्याच्या मध्याचे दोन सहनिर्देशक. या सहा आकड्यांत सर्व भूमिती आहे. पण प्रक्षेपण कोणते, डेटम कोणता, याबद्दल एक अक्षरही नाही. पत्र्याच्या डब्यावर ‘५००’ असे लिहावे आणि ग्रॅम की मिलिलिटर ते लिहू नये, तसा हा प्रकार आहे. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एकक न लिहिणाऱ्या मुलाचा आपण अर्धा गुण कापतो. येथे तेवढाही कापला जात नाही. ‘जिओटिफ’ या प्रकारच्या चित्रात ही माहिती चित्राच्या पोटातच नोंदवता येते. शक्य तेथे तोच प्रकार वापरावा असे आम्ही सुचवू.

कोणती चूक कोठे मोठी?

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. प्रक्षेपणाची चूक ८७ किलोमीटर आणि डेटमची शंभर मीटर, म्हणजे पहिली नेहमी मोठी आणि दुसरी नेहमी क्षुल्लक असे नाही. चित्राच्या विस्तारानुसार हे पारडे फिरते.

चौकटीत ताणण्याने मध्यावर पडणारी चूक साधारणपणे चित्राच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची निम्मी केली की चूक पावपट होते. ५०,०००ला १ प्रमाणाचे स्थलनिर्देशक पत्रक १५ मिनिटे, म्हणजे पाव अंश उंचीचे असते. पुण्याच्या अक्षांशावर अशा एका पत्रकात ही चूक सुमारे ५ मीटर येते. कागदावर ती दशांश मिलिमीटर, म्हणजे छापलेल्या रेषेच्या जाडीत लपून जाणारी. त्याच पत्रकात डेटमचे शंभर मीटर मात्र स्पष्ट दिसतात. उलट, संपूर्ण देशाच्या ढगांच्या चित्रात एका ठिपक्याचीच रुंदी २५० मीटर किंवा त्याहून जास्त असते. तेथे डेटमची काळजी करणे व्यर्थ आणि प्रक्षेपण विसरणे घातक.

‘चूक आहे का?’ असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येईल, कारण चूक नसलेले मोजमाप नसते. ‘चूक किती मीटर आहे, आणि माझ्या प्रश्नाला ती चालेल का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर या उपक्रमाचा मुख्य हेतू साध्य झाला असे आम्ही समजू. दुर्दैवाने पहिली दोन्ही साधने या प्रश्नाचे उत्तर मागतही नाहीत आणि देतही नाहीत.

शून्याचे फसवे समाधान

‘क्यूजीआयएस’ हे उत्तर देतो. २००२मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमात चित्र भूसंदर्भित करण्याचा, म्हणजे चित्रातील ठिपक्यांना जमिनीवरचे पत्ते देण्याचा, स्वतंत्र विभाग आहे. चित्रातील ओळखीच्या खुणांवर बिंदू ठेवायचे आणि त्या प्रत्येकाचे खरे सहनिर्देशक सांगायचे. यांना नियंत्रणबिंदू म्हणू. मग कोणत्या गणिती पद्धतीने चित्र वळवायचे ते निवडायचे. सहनिर्देशकांची पद्धत कोणती हेही येथे सांगावे लागते. जुळवणीनंतर प्रत्येक बिंदूपाशी किती शेष उरला, म्हणजे बिंदू हवा तेथून किती दूर पडला, हे तक्त्यात दिसते. जे प्रश्न इतरांनी विचारले नाहीत ते येथे विचारले जातात, म्हणून तिन्हींमध्ये हे साधन आम्हांला अध्यापनासाठी सर्वांत उपयुक्त वाटते.

तरी येथेही एक खड्डा आहे. पहिल्या घाताच्या बहुपदीने जुळवणी करायची तर किमान तीन बिंदू लागतात. तीनच बिंदू दिले तर प्रत्येक ठिकाणी शेष शून्य येतो! विद्यार्थी आनंदतो. पण दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा कोणतेही दोन बिंदू घेतले तरी नेमकी त्यांतूनच जाते. त्यावरून निरीक्षणे अचूक होती असे ठरत नाही. तसेच हे आहे. दुसऱ्या घाताला किमान सहा बिंदू लागतात, तिसऱ्या घाताला दहा. तेवढेच दिले तर तेथेही शेष शून्यच. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ नावाच्या पद्धतीत तर कितीही बिंदू दिले तरी चित्र रबराच्या पत्र्यासारखे ताणून प्रत्येक बिंदूवर नेले जाते. एखादा बिंदू चुकीच्या देवळावर ठेवला असेल तरी शेष शून्य आणि आजूबाजूचा परिसर मात्र वेडावाकडा.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. जुन्या नकाशावरील अक्षवृत्ते व रेखावृत्ते जेथे छेदतात तेच बिंदू नियंत्रणासाठी घेतले आणि सहनिर्देशक ‘डब्ल्यूजीएस ८४’चे समजून लिहिले, तर दहा-पंधरा बिंदू घेऊनही शेष अगदी लहान येतो. जुळवणी उत्तम झाली असे तक्ता सांगतो. आणि संपूर्ण नकाशा शंभर मीटर सरकलेला असतो! कारण हा शेष नकाशाची छापील जाळी स्वतःशी किती सुसंगत आहे एवढेच सांगतो. त्या जाळीचा जमिनीशी काय संबंध आहे हे त्याला माहीत नसते.

म्हणून तपासणी जुळवणीत न वापरलेल्या, जमिनीवरच्या खुणांनीच झाली पाहिजे. जुना दगडी पूल, टेकडीवरचे देऊळ, रेल्वेमार्ग व रस्ता यांचे छेदन, किल्ल्याचा बुरूज अशा खुणा घ्याव्यात. त्या दोन्ही नकाशांत शोधाव्यात आणि त्यांच्यातील अंतर मोजावे. प्रयोगाचे निष्कर्ष प्रयोगाबाहेरच्या पुराव्याने तपासायचे, हे विज्ञानाचे जुने तत्त्व येथे अगदी हाताळता येईल अशा रूपात सापडते.

आपल्याच देशाच्या सर्वेक्षणात हे तत्त्व काटेकोरपणे पाळले गेले होते. १८०२मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. एका आधाररेषेपासून त्रिकोणांची साखळी शेकडो मैल नेली की दूरच्या टोकाला दुसरी आधाररेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजत आणि त्रिकोणांवरून आलेल्या लांबीशी ताडून पाहत. मध्य भारतातील सिरोंज आणि हिमालयाच्या पायथ्याचे डेहराडून या आधाररेषांचे काम एव्हरेस्ट यांच्या काळातले. त्या माणसांना उत्तर गणिताने आधीच मिळालेले होते. तरीही दुसरी रेषा मोजण्याचे महिनोन् महिन्यांचे कष्ट त्यांनी का घेतले, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.

खालचा नकाशा तरी खरा काय?

येथवर आम्ही पायाभूत नकाशा निर्दोष धरला. तोही तसा नसतो. उपग्रह अनेकदा तिरका पाहतो. वीस अंश तिरक्या दृष्टीने घेतलेल्या चित्रात, चित्र सरळ करताना एखाद्या डोंगराची उंची ३०० मीटर कमी धरली गेली असेल, तर त्याचा माथा चित्रात सुमारे ११० मीटर बाजूला पडतो. सह्याद्रीच्या परिसरात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. डोंगराळ भागातील खुणांऐवजी सपाटीवरच्या खुणा तपासणीला घेणे म्हणूनच बरे. ज्यांच्याकडे जीपीएस असलेला फोन आहे त्यांनी दोन-तीन खुणांपाशी प्रत्यक्ष जाऊन नोंद घ्यावी. मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंतची अचूकता त्यातून मिळते आणि ती आपल्या कामाला पुरेशी आहे.

आणखी एक मोह आहे तो झूमचा. पायाभूत नकाशा झूमच्या एकोणिसाव्या पायरीपर्यंत मोठा करता येतो. तेथे पडद्यावरचा एक ठिपका विषुववृत्तावर सुमारे ३० सेंटिमीटरांचा असतो. वरचे चित्र मात्र २५० मीटरांच्या ठिपक्याचे! त्याचा एक ठिपका तेथे आठशेहून अधिक ठिपक्यांएवढा रुंद पसरतो. मग एखाद्या घरावर पाण्याचा निळा रंग आला म्हणून ते घर बुडाले होते असे म्हणणे कितपत योग्य? ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूररेषा हा शब्द घरोघरी पोचला. निळ्या रेषेच्या आत की बाहेर, लाल रेषेच्या आत की बाहेर, यावर बांधकामे अवलंबून असतात. अशा परिसरातील विद्यार्थी जेव्हा स्वतः चित्र बसवून “आमची गल्ली रेषेबाहेर आहे” असे गावाला दाखवतो, तेव्हा त्याच्या आज्ञावलीतील शंभर मीटर ही केवळ वर्गातील चूक राहत नाही. पारदर्शक रंगीत चित्राचा लोकांवर मोठा प्रभाव पडतो. आकड्यांच्या तक्त्यावर शंका घेणारा माणूसही नकाशावर सहसा घेत नाही.

वर्गासाठी एक क्रम

टीका करून थांबणे योग्य नाही, म्हणून वर्गात करता येईल असा क्रम सुचवतो. यात कोणतेही नवे साधन लागत नाही. ‘लीफलेट’मध्येच हे सर्व करता येते.

पहिली पायरी : चित्र बसवण्यापूर्वी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात. चित्र कोठून घेतले, केव्हाचे आहे, प्रक्षेपण कोणते, डेटम कोणता, आणि एक ठिपका जमिनीवर किती मीटरांचा. यांपैकी जे ठाऊक नाही त्यापुढे ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी : गरज असेल तर चित्राचे प्रक्षेपण बदलून घ्यावे आणि मगच ते बसवावे. ‘लीफलेट’मध्ये चित्राला श्रेयनामाची ओळ जोडता येते. चित्राचा स्रोत व तारीख त्या ओळीत लिहावी, म्हणजे ती नकाशाच्या कोपऱ्यात कायम दिसते.

तिसरी पायरी : झूमवर मर्यादा घालावी. २५० मीटरांच्या चित्राला नवव्या पायरीच्या फार पुढे जाऊ देऊ नये, कारण महाराष्ट्राच्या अक्षांशावर तेथेच पडद्याचा एक ठिपका सुमारे २९० मीटरांचा होतो.

चौथी पायरी : जुळवणीत न वापरलेल्या निदान पाच खुणा निवडाव्यात. प्रत्येक खुणेची चित्रातील जागा आणि पायाभूत नकाशावरील जागा नोंदवून आज्ञावलीकडूनच त्यांमधले अंतर मीटरांत काढून घ्यावे. दोन स्थानांमधील अंतर देणारी आज्ञा ‘लीफलेट’मध्ये आहे. या पाच जोड्या नकाशावर छोट्या बाणांनी दाखवाव्यात.

हे बाणच आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतात. सर्व बाण एकाच दिशेला आणि जवळजवळ सारख्या लांबीचे असतील, तर नकाशा सरकला आहे, डेटम तपासावा. बाण मध्याकडे वाढत जात असतील आणि कडांशी शून्य होत असतील, तर प्रक्षेपणाचा दोष आहे. बाण कसेही विखुरलेले असतील, तर खुणा ओळखण्यात गफलत आहे किंवा मूळ कागद आकसला-सुरकुतला आहे. आणि पूल, देऊळ, बुरूज जागच्या जागी असून केवळ नदीचा काठ दूर गेला असेल, तरच नदी सरकली असे म्हणण्यास आधार मिळतो. तेव्हाही जुने सर्वेक्षण कोणत्या ऋतूतले आणि नवे चित्र कोणत्या ऋतूतले, हे पाहावे लागेल. पौषातले पात्र आणि श्रावणातले पात्र यांची तुलना करून नदीवर आरोप ठेवता येत नाही.

या तिन्ही साधनांनी नकाशाशास्त्र सामान्य शाळेच्या आवाक्यात आणले, ही गोष्ट मोठी आहे. त्यांच्यासोबत मिळणारे नमुनापाठ मात्र चित्र पडद्यावर दिसू लागले की संपतात. आमच्या मते खरा पाठ तेथे सुरू होतो. चित्र बसवणाऱ्या आठ ओळींनंतर तपासणीच्या आणखी दहा-बारा ओळी विद्यार्थ्याकडून लिहून घ्याव्यात आणि प्रकल्पाला गुण देताना निष्कर्षाशेजारी ‘चूक : अमुक मीटर’ असे लिहिले आहे की नाही ते प्रथम पाहावे. असे लिहिलेला “नदी सरकल्याचे दिसून आले नाही” हा निष्कर्षही पूर्ण गुणांना पात्र आहे.